आडवाटेच्या गावाला निघण्याआधी

बॅग नंतर भरा, आधी एक प्रश्न सोबत घ्या. प्रसिद्ध ठिकाणी काय बघायचं ते सांगायला पाट्या असतात, गाइड असतो. आडवाटेच्या गावात यातलं काहीच नसतं, आणि तासाभरात चक्कर मारून माणूस ‘इथे काही नाही’ म्हणत परततो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा तिथे पुष्कळ काही असतं.

जर्मनीतलं नोर्डलिंगेन बघा. सुमारे २४ किलोमीटर रुंदीच्या एका विवरात हे गाव वसलंय. पूर्वी अनेकांना ते विवर ज्वालामुखीचं वाटे. १९६० साली शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांनी इथल्या खडकात कोएसाइट हे खनिज असल्याचं दाखवलं. ते बनायला लागणारा प्रचंड दाब ज्वालामुखीतून मिळत नाही, म्हणजे इथे आकाशातून काहीतरी येऊन आदळलं होतं. गावातल्या चर्चचा बुरुज याच आघातात तयार झालेल्या दगडाचा आहे आणि त्या दगडात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक हिरे आहेत. हे वाचून गेलात तर त्या करड्या, खडबडीत भिंतीपुढे पाय आपोआप थांबतील. म्हणून सामानात एक छोटं भिंग ठेवाच. हिरे त्यातूनही दिसणार नाहीत, पण दगडाचा पोत दिसेल.

शक्य असेल तर एका रात्रीचा मुक्काम धरा. याच बुरुजावरून रात्री १० ते १२ दर अर्ध्या तासाला पहारेकरी हाळी देतो. संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्याला ती ऐकायलाच मिळत नाही.

स्थानिक भाषेतले चार शब्द पाठ करा: नमस्कार, धन्यवाद, ‘हे काय आहे?’ आणि ‘फोटो काढू का?’ शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. बार्ले या गावात बेल्जियम आणि नेदरलँड्सची सीमा रस्त्यांतून, घरांतून जाते. एका घराच्या तर दारातूनच गेलीय, त्यामुळे त्याला दोन देशांचे दोन घरक्रमांक आहेत. आपल्याला ते नवल असलं तरी आत कुणीतरी राहतं, हे विसरू नका.

बाकीचं नेहमीचंच: ऑफलाइन नकाशा, सुटे पैसे, पॉवर बँक, टॉर्च, वही. संग्रहालय पाहायचं असेल तर आधी फोन करा, लहान गावात ती आठवड्यातून दोन-तीनच दिवस उघडी असू शकतात. एक दुपार मोकळी ठेवा, तिथे कुणी काही दाखवायला नेलं तर घाई नको. आणि उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. रविवारची शेवटची बस बऱ्याचदा लवकर सुटते.