लातूर पॅटर्न राहू द्या, काड्यापेटीतला पॅटर्न बघा

आमच्याकडं पॅटर्न म्हणलं की लोकांना आधी लातूरच आठवतं, क्लास, सराव पेपर, टेस्ट सिरीज आन पहाटे चारला उठून बसलेली लेकरं. मी दुसऱ्याच पॅटर्नबद्दल लिहायलोय, शाळेच्या पुस्तकात ज्याला आकृतिबंध म्हणतात आन नवोदय-शिष्यवृत्तीच्या पेपरात जो "प्रश्नचिन्हाच्या जागी काय येईल" म्हणून येतो तो. मागच्या सुट्टीत भाची आली होती, पाचवीला आहे, तिला शिकवता शिकवता मलाच ज्या गोष्टी नीट कळल्या त्या खाली आहेत, ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांना कामाला येतील.

प्रश्न साधा होता. काड्यांचा एक चौकोन, त्याला चिकटून दुसरा, त्याला चिकटून तिसरा, असे दहा चौकोन एका ओळीत करायला काड्या किती? भाची म्हणाली, "मामा, एकाला चार तर दहाला चाळीस, त्यात काय." मी काहीच बोललो नाही, चुलीजवळची काड्यापेटी आणून तिच्यासमोर ओतली. एक चौकोन, ४ काड्या. दुसरा लावताना ती थांबली, कारण मधली काडी आधीच तिथं होती. दोन चौकोनांना ७, तीनला १०, चारला १३.

आता इथं बहुतेक लेकरं (आन आपण मोठे पण) काय करतात, ३ चा फरक आहे एवढं बघतात आन बोटावर मोजत १६, १९, २२ करत दहाव्यापर्यंत जातात. उत्तर ३१ येतं, बरोबर येतं. पण उद्या पेपरात शंभरावा चौकोन विचारला की बोटं संपतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की "पुढं काय येईल" हे विचारायच्या आधी "दर वेळी नवीन काय आलं आन आधीचं काय तसंच राहिलं" हे विचारा. काड्यांमध्ये नवीन येतात ३, आन सुरुवातीची उभी काडी एकच, ती कधीच बदलत नाही. म्हणजे चौकोन गुणिले ३, अधिक १. शंभर चौकोनांना ३०१, मोजायची गरजच नाही.

भाचीनं वेगळंच बघितलं होतं. ती म्हणाली वरच्या आडव्या काड्या जितके चौकोन तितक्या, खालच्या पण तितक्याच, आन उभ्या मात्र एक जास्त. दहा, दहा आन अकरा, ३१. मला लई आवडलं ते, कारण दोन वाटांनी जाऊन एकाच गावाला पोचलो तर गाव बरोबर आहे याची खात्री होती. लेकरू वेगळ्या पद्धतीनं मोजायला लागलं तर त्याला अडवू नका, "सरांनी असं नाही शिकवलं" हे तर अजिबात म्हणू नका.

मग उलटा प्रश्न टाका. पेटीत ५० काड्या आहेत, चौकोन किती होतील? आधी ती न बदलणारी एक बाजूला काढा, राहिल्या ४९, त्याला ३ नं भागा, १६ चौकोन आन १ काडी उरली. उलटं करता आलं की समजायचं डोक्यात बसलं.

नुसत्या संख्या दिल्या असतील तर प्रत्येक दोघांमधला फरक त्यांच्यामध्ये खाली लिहायची सवय लावा, तोंडी नको, लिहायचाच. फरक सारखा असला तर सोपं आहे, दहावीत याचीच अंकगणिती श्रेढी होती आन पहिलं पद अधिक (क्रमांक वजा १) गुणिले फरक असं सूत्र येतं, जे आपण काड्यांवर करून बसलोय. फरक सारखा नसला तर फरकांचा फरक काढायचा. २, ६, १२, २०, ३० यात फरक ४, ६, ८, १० म्हणजे पुढचा १२ आन उत्तर ४२. (हेच १×२, २×३, ३×४ असं पण दिसतं, ज्याला जे आधी दिसंल ते.) फरकच दुप्पट दुप्पट व्हायला लागले तर गुणाकार तपासा. आन संख्या एकदा वर एकदा खाली असं नाचायला लागली, जसं ३, २०, ५, १८, ७, १६, तर एक सोडून एक वाचायचं, दोन मालिका एकात घुसवलेल्या असतात. पुढं ९ आन मग १४.

परत परत येणाऱ्या पॅटर्नला शेताचं उदाहरण सगळ्यात भारी. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर, परत चार सोयाबीन, दोन तूर, आपल्याकडच्या लेकरांना हे काय सांगायला लागत नाही. आता विचारा, ५० वी ओळ कशाची? चक्र सहाचं आहे, ५० ला ६ नं भागलं की बाकी २, चक्रातली दुसरी ओळ सोयाबीनची, झालं. ४७ वी? बाकी ५, म्हणजे तूर. अडचण होती ४८ ला. बाकी शून्य आली आन भाची म्हणाली "शून्यावी ओळ कुठं असती, मामा?" बाकी शून्य म्हणजे चक्र नुकतंच पूर्ण झालं, म्हणजे चक्रातली शेवटची ओळ, तूर. हे शून्यवालं दोन-तीनदा करून घ्या, माझा अनुभव असा आहे की लेकरं इथंच मार्क घालवतात. लाल-पिवळा-हिरवा मण्यांची माळ असो नाहीतर "आजपासून १०० वा दिवस कोणता वार", सगळं हेच आहे.

आकृत्यांचे प्रश्न आले की लेकरू सगळं चित्र एकदम बघतं आन गोंधळतं. एका वेळी एकच गोष्ट धरायची. आधी फक्त बाण बघ, तो दर वेळी काटकोनात फिरायलाय का. मग फक्त ठिपके मोज. मग फक्त काळा भाग कुठं सरकला ते बघ. एक गोष्ट कळली की तिच्यात न बसणारे पर्याय लगेच पेन्सिलनं खोडायचे, बऱ्याचदा दुसऱ्या गोष्टीपर्यंत जायची वेळच येत नाही.

आता रांगोळी. आमची माय (भाचीची आजी) ठिपके काढताना "सात ते एक" म्हणती, म्हणजे मधल्या ओळीत सात, मग दोन्ही बाजूंनी दोन ठिपक्यांच्या मधोमध ठेवत सहा, पाच, असं एकापर्यंत. एकूण ठिपके किती? बेरीज करत बसण्याआधी लहान करून बघा, ही सवय लई कामाची आहे. "दोन ते एक" ला १, २, १ म्हणजे ४. "तीन ते एक" ला ९. चारला १६. मग सातला ४९ असणार, आन आहेतच. पण कामून? मान जरा तिरपी करून बघा, तिरप्या ओळी धरल्या की सात ओळी आन प्रत्येकीत सात ठिपके दिसतात. माय चाळीस वर्षं ठिपके काढायलीय, तिला हे सांगितल्यावर म्हणाली, मला रांगोळी यावी लागती, मोजून काय करू.

"सात ते चार" मात्र वेगळी, ती षटकोन होती. ४, ५, ६, ७, ६, ५, ४, एकूण ३७. लहान करत गेलं की "तीन ते दोन" ला ७, "पाच ते तीन" ला १९. म्हणजे १, ७, १९, ३७, फरक ६, १२, १८. मधल्या ठिपक्याभोवती पहिला वेढा सहाचा, दुसरा बाराचा, कारण सहा बाजू आहेत आन दर वेढ्याला प्रत्येक बाजू एका ठिपक्यानं वाढती. "नऊ ते पाच" ला ६१ हे आता न काढताच सांगता येतं.

एक सावधगिरी. दोन-तीन संख्या बघून पॅटर्न ठरवू नका. १, २, ४ च्या पुढं ८ पण येतं (दुप्पट) आन ७ पण येतं (फरक १, २, ३), त्यामुळं दिलेल्या प्रत्येक संख्येवर नियम लावून बघायचाच. छान चाललेला पॅटर्न पण पुढं मोडू शकतो, हे बघायला देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणितज्ञ कापरेकर मास्तर, ६१७४ या संख्येमुळं जे ओळखले जातात, त्यांच्या डेम्लो संख्या लेकरांना दाखवा. ११×११ = १२१, १११×१११ = १२३२१, ११११×११११ = १२३४३२१. नऊ एक्यांपर्यंत असंच छान चढतं-उतरतं आन दहाव्याला मोडतं, १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं, कारण मधे दहा झाले की हातचा जातो. भाचीला कॅल्क्युलेटरवर करायचं होतं पण मोबाईलवाल्यानं शेवटचे आकडे गिळले, मग वहीवरच केलं, अर्धा तास गेला पण हातचा कुठं घुसला ते तिला स्वतःला सापडलं.

जायच्या आदल्या दिवशी माय गोधडी शिवायला बसली होती, तेव्हा मी भाचीला शेवटचं विचारलं. मधे एक चौकोनी तुकडा, त्याच्याभोवती ८ चा वेढा, मग १६ चा, मग २४ चा. आजीकडं २०० तुकडे आहेत, पूर्ण वेढे किती होतील? तिनं एकूण लिहिले, १, ९, २५, ४९, म्हणाली हे तर विषम संख्यांचे वर्ग आहेत, मग १३ चा वर्ग १६९ आन १५ चा २२५, म्हणजे सहा वेढे आन ३१ तुकडे उरतात. आजी म्हणाली, राहू दे, उशीची खोळ होती त्यात.