रायझिंग मेनचं सर्ज ॲनालिसिस शिकताना

वॉटर हॅमरचं, म्हणजे पाण्याचा वेग अचानक बदलल्याने पाइपात धावणाऱ्या दाबाच्या लाटेचं, पुस्तकी गणित बहुतेक वेळा ठरलेलं असतं. वर टाकी, खाली पाइप, टोकाला व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह झटकन बंद केला, दाब किती वाढला? मी कन्सल्टन्सीत रायझिंग मेनचं (पंपाने पाणी वर टाकीत चढवणाऱ्या लाइनचं) सर्ज ॲनालिसिस, म्हणजे अशा लाटांचा हिशोब, करू लागलो तेव्हा कळलं की आपल्या पाणीपुरवठा योजनांत घाईने व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस ही मोठी काळजी नसते. लाइट जाते, ही असते. आणि लाइट गेली की पंपाजवळचा दाब आधी वाढत नाही, कोसळतो.

सोपे आकडे घेऊ. जॅकवेलपासून (नदी-तलावाचं पाणी उपसायची विहीर) टाकीपर्यंत ६ किमी डीआय (डक्टाइल आयर्न) लाइन, चढ ८० मीटर, घर्षण १२ मीटर, पाण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर. दाबाची लाट सेकंदाला ११०० मीटर धावते असं धरा. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्कीने १८९७ साली मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून पक्कं केलेलं सूत्र असं: लाटेचा वेग गुणिले पाण्याच्या वेगातला फरक, भागिले ९.८१. उत्तर येतं साधारण १३५ मीटर, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. पण पंपावर होतेच ८० अधिक १२, म्हणजे ९२ मीटर, मग त्यातून १३५ वजा कसे होणार? होत नाहीत. वातावरणाच्या दाबापेक्षा जेमतेम १० मीटर खाली गेलं की पाण्याची वाफ होते आणि पाण्याचा स्तंभ तुटतो. तुटलेले भाग पुन्हा एकमेकांवर आदळतात, आणि पाइप बहुधा त्या आदळण्याने फुटतो.

मधे टेकाड असेल तर स्तंभ तिथेच आधी तुटू शकतो. चौथ्या किलोमीटरवर ग्रेडियंट लाइन (पाइपमधला दाब पाण्याला जिथवर चढवेल त्या उंचीची रेषा) पाइपच्या वर फक्त १५ मीटर असेल, तर लाट तिथे चार सेकंदांच्या आत पोचते. म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी एल-सेक्शनची (लाइनचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशाची) प्रिंट घ्या, पेन्सिलने ग्रेडियंट काढा आणि टेकाडांवर खुणा करा. वरिष्ठांना हा जुनाटपणा वाटला तर वाटू द्या.

एपानेट हे पाइपजाळ्याचं नेहमीचं सॉफ्टवेअर इथे चालत नाही, कारण त्यात प्रत्येक क्षणी प्रवाह स्थिर धरलेला असतो. विद्यार्थ्यांनी पायथनमधलं टीएसनेट बघावं. फुकट आहे, एपानेटची फाइल घेतं आणि कोड वाचता येतो. कॅरॅक्टरिस्टिक्सची पद्धत (लाटेच्या वाटेने टप्प्याटप्प्याने दाब आणि वेग काढण्याची रीत) मला वर्गापेक्षा असा कोड वाचूनच जास्त कळली.

इनपुटमध्ये सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे पंप-मोटरचं जडत्व. उत्पादक बऱ्याचदा जीडी-स्क्वेअर (वजन गुणिले व्यासाचा वर्ग) देतो. किलोग्रॅम गुणिले मीटरचा वर्ग या एककात दिलेला तो आकडा जडत्वाच्या चौपट असतो. तो तसाच भरला तर पंप कागदावर निवांत थांबतो, लाइन सुरक्षित दिसते, आणि रिपोर्ट पास होतो! लाटेचा वेगही पाइपनुसार बदला. एचडीपीई या प्लास्टिकच्या पाइपात तो डीआयच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो.

उपायांबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत. एअर व्हेसल, म्हणजे लाइनला जोडलेली दाबाखालच्या हवेची टाकी, कागदावर उत्तम. पण गावच्या योजनेत कॉम्प्रेसर बंद पडला की व्हेसल हळूहळू पाण्याने भरतं आणि मग ते असून नसल्यासारखंच. तिथे मी आधी झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्हचा विचार करतो. पुढे जाणारं पाणी थांबता थांबताच तो स्प्रिंगने मिटतो, त्यामुळे परतीचं पाणी वेग घेत नाही. मात्र टेकाडावरची पोकळी तो टाळत नाही. तिथे वन-वे सर्ज टँक (दाब पडला की लाइनमध्ये पाणी सोडणारी, पण परत न घेणारी टाकी) लागू शकतो. नुसत्या एअर व्हॉल्व्हवर भिस्त ठेवलेली डिझाइन्स मला आवडत नाहीत. हवा आत घेणं सोपं. ती भसकन बाहेर गेली तर पाणी तिथेच आदळतं.

कमिशनिंगला, म्हणजे योजना सुरू करताना, पंप मुद्दाम ट्रिप करून चाचणी घ्यायला सांगा. सुरुवात एका पंपाने करा, मग सगळे एकदम. नेहमीच्या डायल गेजवर किंवा मिनिटाला एक नोंद करणाऱ्या लॉगरवर त्यातलं काहीच सापडत नाही. सेकंदाला शंभर तरी नोंदी घेणारा ट्रान्समीटर एक पंपाजवळ लावा, दुसरा टेकाडावर.