फोकस ग्रुपसाठी योग्य माणसं कशी निवडायची?

तासगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही द्राक्ष बागायतदारांचा फोकस ग्रुप घेतला होता, म्हणजे निवडक माणसांना एकत्र बसवून एका विषयावर मोकळं बोलतं करायची बैठक. विषय, भुरी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगावरचं नवं औषध. माणसं जमवायचं काम गावातल्याच एका औषध दुकानदारावर सोपवलं. आठही जण वेळेवर आले, दीड तास बोलले आणि सगळ्यांनी औषधाची तारीफच केली. निघताना चहा पिताना कळलं, आठही जणांची त्याच दुकानात उधारी होती. ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे, उपयोग शून्य.

तेव्हापासून मी आधी कागदावर एक वाक्य लिहितो: ऐकायचंय कुणाचं? 'सांगली जिल्ह्यातले शेतकरी' म्हटलं तर जतचा डाळिंबवाला आणि वाळव्याचा ऊसवालाही त्यात आला. 'गेल्या हंगामात बागेत भुरीवर फवारणी केलेला आणि औषध कोणतं आणायचं हे स्वतः ठरवणारा' असं लिहा. दुसरी अट सोडू नका. सातबारा वडिलांच्या नावावर असतो, औषध ठरवतो मुलगा, आणि बैठकीला मात्र मानाने वडिलांना पाठवतात! समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत घडवली, तेव्हाही त्यांची पहिली अट हीच होती: समोर बसलेल्यांनी तो अनुभव स्वतः घेतलेला असावा.

मग चाळणीची, म्हणजे नको ती माणसं आधीच गाळणारी, प्रश्नावली करा. आठ-दहा प्रश्न, फोनवर पाच-सात मिनिटांत उरकतील असे. कोणतं उत्तर दिलं की निवड होईल, याचा वास प्रश्नाला येता कामा नये. 'भुरीवर फवारणी करता का?' असं विचारलं की समोरचा 'होय की' म्हणणारच. मानधन कुणाला नको? त्यापेक्षा 'गेल्या हंगामात बागेत काय काय रोग आले? त्यावर काय मारलं?' असं मोकळं विचारा. खरंच फवारलेला माणूस औषधाचं नाव सांगतो, दर सांगतो, वर पावसाने धुऊन गेलेल्या फवारणीबद्दल दोन शिव्याही हासडतो. एक प्रश्न गप्पांचा ठेवा: 'यंदा छाटणी कधी घेतली, आणि तेव्हाच का?' 'घेतली आपली' एवढ्यावर थांबणारा गटातही तेवढंच बोलेल. घरचं कुणी औषध कंपनीत, दुकानात किंवा जाहिरातीच्या धंद्यात असेल, किंवा स्वतः गेल्या सहा महिन्यांत अशा बैठकीला बसला असेल, तर त्याला वगळा.

नावं एकाकडून घेऊ नका. डेअरी, सोसायटी, बेदाण्याचे सौदे, शेजारचं गाव. प्रत्येक ठिकाणाहून दोन-तीनच घ्या.

निवडलेली माणसं एकत्र कशी बसवायची, इथे खरी गोम आहे. एका गटात भावकी नको. काका बोलले की पुतण्या मान डोलावतो. वीस एकरवाल्यासमोर अर्ध्या एकराचा माणूस तोंड उघडत नाही, त्यांचे गट वेगळे करा. फवारलेल्या बागेत विरळणी करणाऱ्या बायकांना विसरू नका. औषधाने हाताची आग होते का, हे त्यांनाच विचारावं लागतं. पण त्यांचा गट वेगळा आणि बोलतं करणारीही बाईच हवी.

फोनवर विषय मोघमच सांगा, 'द्राक्षशेतीबद्दल बोलायचंय' एवढाच. कंपनीचं नाव नको. वेळ, ठिकाण, मानधन आणि रेकॉर्डिंग होणार हे मात्र आधीच स्पष्ट सांगून होकार घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस टाळा. ढग आले की रोगाच्या भीतीने माणूस तुमची बैठक सोडून फवारणीच्या पंपाकडे धावतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

आठजण हवे असतील तर दहा बोलवा. आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी फोन करा. दारातच दोन-तीन प्रश्न पुन्हा विचारा, कारण 'दादाला जमलं नाही, मी आलोय' म्हणणारा एखादा असतोच. दहाही आले तर जास्तीच्या दोघांना चहा, पूर्ण मानधन आणि पेट्रोलचे पैसे देऊन पाठवा. पुढच्या वेळी फोन उचलतील.