भाड्याचे घर परवडण्यासाठी : ठाणे आणि नवी मुंबईतील भाडेकरूंसाठी मार्गदर्शन

नोकरी किंवा शिक्षणासाठी ठाण्यात वा नवी मुंबईत येणारे कुटुंब सर्वप्रथम महिन्याचे भाडे विचारते. ते स्वाभाविक आहे. परंतु घर परवडेल की नाही हे डिपॉझिट, दलाली, रोजचा प्रवास आणि कराराची नोंदणी यांवरही ठरते. यांपैकी नोंदणीचा खर्च सर्वांत कमी असतो आणि अनेकदा नेमकी तीच टाळली जाते. भाडेकरूला मिळू शकणाऱ्या बहुतेक सवलतींसाठी मात्र भाड्याचा लेखी पुरावा लागतो, म्हणून या लेखात करारालाच अधिक जागा दिली आहे.

घोडबंदर रस्ता, वाशी किंवा नेरूळ आवाक्याबाहेर वाटत असेल, तर कळवा, दिवा, दिघा, घणसोली, कोपरखैरणे, कामोठे आणि उलवे या भागांत चौकशी करावी. दिघा गाव स्थानक आणि उरणपर्यंतची रेल्वे २०२४ च्या जानेवारीत सुरू झाल्यामुळे पूर्वी गैरसोयीच्या वाटणाऱ्या काही वस्त्या आता विचारात घेण्याजोग्या झाल्या आहेत. नवी मुंबईच्या गावठाणांत भाडे तुलनेने कमी असते. मात्र तेथील ‘गरजेपोटी’, म्हणजे ग्रामस्थांनी स्वतःच्या गरजेचे कारण देऊन, बांधलेल्या अनेक इमारतींना रीतसर परवानगी नसते, हे ध्यानात ठेवून कागद पाहावेत. मालकाच्या नावाची मालमत्ता कराची पावती आणि ताजे वीजबिल मागण्यात संकोच करू नये. कळवा, मुंब्रा आणि शीळ भागांत हे बिल महावितरणऐवजी टोरंट कंपनीचे असते.

इमारतीच्या सुरक्षिततेबाबत कोणतीही तडजोड करू नये. महापालिका धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. त्यातील सी-१ वर्गातील इमारत राहण्यास अयोग्य ठरवलेली असते आणि ती रिकामी करावी लागते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ येथील अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. कमी भाड्यासाठी अशा छताखाली मुलाबाळांना नेणे कधीही परवडणारे नाही.

आता कराराविषयी. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरेशी आहे’ असे दलाल सांगतात. ते खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी शुल्क घेऊन घर वापरू देण्याचा) करार, मुदत कितीही असली तरी, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असून ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणीकृत करार नसताना अटींबाबत वाद झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, अशीही तरतूद आहे. मालकाशी बोलताना ही गोष्ट सौम्य शब्दांत सांगावी. नोंदणी त्याच्याही हिताची आहे हे बहुतेकांना पटते.

मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असते. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने काढलेले व्याजही त्यात धरतात. महिना १२,००० रुपये भाडे, ५०,००० रुपये डिपॉझिट आणि ११ महिन्यांची मुदत असेल, तर शुल्क साधारण साडेतीनशे-चारशे रुपये येते, आणि शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये पडते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सुविधेमुळे आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा देऊन हे काम घरबसल्या होते. सेवा पुरवणारा एजंट याहून बरीच मोठी रक्कम सांगत असेल, तर त्यात शासनाचे शुल्क किती आणि त्याचा मेहनताना किती, हे वेगळे करून विचारावे. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी आकारते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. ते कोण भरणार, हेही करारातच लिहावे.

‘हेवी डिपॉझिट’ देऊन भाडे वाचवण्याचा मार्ग अनेकांना आकर्षक वाटतो. मात्र ती रक्कम परत करण्याची मालकाची ऐपत पुढेही टिकेल, याची हमी कोणी देत नाही, आणि घर बँकेकडे गहाण असेल तर धोका वाढतो. आयुष्याची बचत अशा व्यवहारात गुंतवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डिपॉझिट कितीही असो, ते बँकेमार्फतच द्यावे आणि त्याचा तपशील करारात नमूद करावा.

मदतीच्या योजनांत विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यातून ठाणे व नवी मुंबईसारख्या शहरांत भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये थेट खात्यात जमा होतात. त्यात निवासासाठी २०,००० रुपये धरलेले असतात. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर चालतात. भाड्याच्या खोलीचा पुरावा अर्जासोबत लागत असल्यामुळे खोली घेतानाच करार करून घ्यावा. आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याखालील राखीव जागांवर) मुलाच्या शाळाप्रवेशासाठी अर्ज करताना पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा असेल, तर तो नोंदणीकृत आणि अर्जापूर्वीचा असावा लागतो.

नोकरदारांनी वेतनचिठ्ठीत घरभाडे भत्ता आहे का, हे पाहावे. या भत्त्याची वजावट प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीतच मिळते. वार्षिक भाडे एक लाखाहून अधिक असल्यास मालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. भत्ताच मिळत नसेल, तर जुन्या पद्धतीत भरलेल्या भाड्यापोटी महिन्याला कमाल ५,००० रुपयांपर्यंत वजावट मागता येते. त्यासाठी भाडे रोख न देता खात्यातून द्यावे.

मुदत संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाची चर्चा सुरू करावी. मुदत उलटूनही घर न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार त्या काळासाठी दुप्पट भाडे भरावे लागू शकते. घर सोडताना रंगकाम आणि दुरुस्तीसाठी डिपॉझिटमधून किती रक्कम कापली जाईल, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे, आणि किल्ली परत देण्याच्या दिवशीच उरलेली रक्कम खात्यात जमा होईल, अशी अट करारात घालावी.