अमेरिकेतील सामूहिक दाव्याचा डॉलरचा धनादेश मुंबईत कसा वटवावा

अमेरिकेत काही वर्षे शिक्षण किंवा नोकरी करून पार्ल्याला वा मुलुंडला परतलेल्या माणसाच्या घरी एखाद्या दिवशी एक पातळ लिफाफा येतो आणि त्यातून कोणा अनोळखी संस्थेने काढलेला डॉलरचा धनादेश निघतो. तेथे एका कंपनीमुळे लाखो ग्राहकांचे नुकसान झाले, की त्या सर्वांच्या वतीने एकच दावा चालवता येतो आणि तडजोड झाल्यावर रक्कम दावेदारांत वाटली जाते. इलिनॉय राज्यातील चेहरा ओळखण्याच्या प्रकरणी फेसबुकने 65 कोटी डॉलर देण्याचे मान्य केले आणि 2022 मध्ये दावेदारांना सुमारे 397 डॉलरचे पहिले धनादेश गेले. बहुतेक प्रकरणांत मात्र हाती येणारी रक्कम याहून पुष्कळ लहान असते. धनादेश कंपनी स्वतः काढत नाही, न्यायालयाने मान्य केलेला तडजोडीचा व्यवस्थापक काढतो, आणि म्हणूनच त्यावरील नाव ओळखीचे वाटत नाही.

त्यामुळे पहिले काम खरेपणा पडताळण्याचे आहे. आपण दावा दाखल केल्याचे आठवते का, हे जुन्या ई-मेलमध्ये पाहावे. काही प्रकरणांत दावा न करताही पैसे मिळतात, म्हणून आठवत नसल्यास धनादेश लगेच फाडू नये; पत्रातील दुव्यावर न जाता प्रकरणाचे नाव आणि न्यायालय स्वतंत्रपणे शोधून अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर विचारावे. पैसे सोडवण्यासाठी आधी शुल्क भरा, किंवा धनादेश खात्यात भरून त्यातील काही रक्कम अमुक खात्यात परत पाठवा, असे कोणी सांगत असेल तर तो धनादेश बनावट समजावा. अशा वेळी बँक रक्कम जमा दाखवते आणि काही आठवड्यांनी धनादेश परत आल्यावर ती आपल्याच खात्यातून वजा करते.

दुसरे काम तारीख पाहण्याचे. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, म्हणून 04/05 म्हणजे 5 एप्रिल; आपल्या सवयीने वाचल्यास महिनाभराची चूक होते आणि येथे महिना मोलाचा आहे. आपल्याकडे 1 एप्रिल 2012 पासून धनादेशाची मुदत तीन महिने आहे. अमेरिकेत सहा महिन्यांहून जुना साधा धनादेश वटवण्याचे बंधन बँकेवर नसते, पण तडजोडीच्या धनादेशावर बहुधा नव्वद दिवसांसारखी कमी मुदतच छापलेली असते, आणि ती धनादेशाच्या तारखेपासून मोजली जाते, आपल्याला पाकीट मिळाल्यापासून नव्हे. तिकडच्या जुन्या पत्त्यावर गेलेले पाकीट मित्राने पुढे पाठवून, टपालातून फिरून सोसायटीच्या पत्रपेटीत पडेपर्यंत त्यातला बराच काळ सरलेला असतो.

मार्ग ठरेपर्यंत मागील बाजूस सही करू नये. अमेरिकेतील खाते अजून चालू असेल, तर सर्वांत सोपा उपाय तोच: मागे वरच्या पट्टीत सही करावी, आपल्या बँकेचा नियम असल्यास केवळ मोबाइलवरून जमा करण्यासाठी असा शेरा लिहावा, ॲपमधून दोन्ही बाजूंचे छायाचित्र पाठवावे आणि रक्कम पूर्ण जमा होईपर्यंत मूळ कागद जपून ठेवावा. ओटीपी तिकडच्या बंद झालेल्या मोबाइल क्रमांकावर जात असेल, तर आधी तो बदलून घ्यावा लागतो. न्यू जर्सीतील भावाच्या नावे मागे सही करून धनादेश त्याला देण्याची युक्ती पुष्कळांना सुचते, परंतु असे धनादेश स्वीकारणे तेथील बँकेच्या मर्जीवर असते आणि अनेक बँका नकार देतात. भावाने आधी विचारून घेतल्याशिवाय पाठवू नये.

खाते नसल्यास, माझ्या मते, मुंबईतील बँकेत जाण्यापूर्वी तडजोडीच्या व्यवस्थापकाला ई-मेल लिहावा. पत्रातील दावा क्रमांक देऊन, आपण आता भारतात राहतो तेव्हा हीच रक्कम इलेक्ट्रॉनिक मार्गाने मिळू शकेल का, असे विचारावे. भारतात चालणारा पर्याय कोणता, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. उत्तर येईपर्यंत धनादेश कोठेही भरू नये.

त्यातूनही मुंबईतच भरायचा झाला, तर आपल्या गल्लीतील शाखेच्या पेटीत तो टाकून उपयोग नाही. आपली समाशोधन व्यवस्था, जी 4 ऑक्टोबर 2025 पासून काही तासांत धनादेश वटवते, ती रुपयांच्या धनादेशांसाठी आहे. डॉलरचा धनादेश वसुलीसाठी परदेशी बँकेकडे पाठवावा लागतो, ज्याला काउंटरवर ‘कलेक्शनला पाठवणे’ म्हणतात, आणि त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. अनेक सहकारी बँकांकडे परकीय चलनाचा परवाना नसतो, काही मोठ्या बँकांनीही ही सेवा बंद केली आहे, म्हणून शाखेत फोन करून परकीय चलनाचे काम फोर्टला, नरिमन पॉइंटला की अन्य कोणत्या शाखेत होते, हे आधी विचारावे. सोबत पॅन कार्ड, खात्याचा तपशील, आणि पैसे कशाचे आहेत हे दाखवणारे तडजोडीचे पत्र न्यावे. ते पत्र नसेल तर काउंटरवर फार प्रश्न विचारले जातात.

खर्चाचा हिशेब भरण्यापूर्वीच लेखी मागावा: आपल्या बँकेचे वसुली शुल्क, कुरिअर, परदेशी बँकेची डॉलरमधील कपात आणि चलन बदलण्यावरचा जीएसटी, जो पंचवीस हजार रुपयांपर्यंतच्या रकमेवर 45 रुपये होतो. जीएसटी किरकोळ आहे, खरी कात्री पहिल्या तिघांची. तीस डॉलरच्या धनादेशासाठी हा सारा खटाटोप म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तीनशे-चारशे डॉलर असतील तर मात्र करण्यासारखा आहे.

नावाचा घोळ सर्वांत जास्त वेळ खातो. धनादेश माहेरच्या नावाने आणि खाते सासरच्या नावाने असेल, तर विवाह प्रमाणपत्र पुढे करून बँकेला पटवण्यापेक्षा तडजोडीच्या व्यवस्थापकाकडून नव्या नावाने धनादेश मागणे सोपे जाते. दावेदार हयात नसेल, तर वारसाने तो स्वतःच्या खात्यात भरू नये. मृत्यूचा दाखला आणि वारसा हक्काची कागदपत्रे त्याच व्यवस्थापकाकडे पाठवून तो आपल्या नावे बदलून घ्यावा. रक्कम करपात्र आहे की भरपाई म्हणून वेगळी धरायची, हे मूळ नुकसान कशाचे होते त्यावर अवलंबून असते, तेव्हा विवरणपत्र भरताना तडजोडीचे पत्र सनदी लेखापालाला दाखवावे.

धनादेश देण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाप्रत काढावी आणि पावतीवर शाखेचा शिक्का घ्यावा. तो मुदत संपल्याच्या शेऱ्यासह परत आला, तर तो शेरा आणि पावती जोडून तडजोडीच्या व्यवस्थापकाकडे त्याच आठवड्यात नवा धनादेश मागावा, कारण न वटलेल्या रकमा ठराविक काळानंतर न्यायालयाच्या आदेशाने इतरत्र वळवल्या जातात.