परफॉर्मन्स गाडीची टेस्ट ड्राइव्ह: शोरूमला फोन करण्याआधीची तयारी

शोरूमवाले देऊन देऊन वीस मिनिटं देतात. त्यातली पाच सीट पुढे-मागे करण्यात आणि सेल्सच्या मुलाचं पाठ केलेलं भाषण ऐकण्यात जातात, सात-आठ सिग्नलवर. उरलेल्या वेळात पन्नास-साठ लाखांचा निर्णय घ्यायचा असतो, आणि बहुतेक जण तो एकदा दणकून अ‍ॅक्सिलरेटर दाबून घेतात. पाठ सीटला चिकटली की गाडी आवडली. पण ताकदवान इंजिन असलेल्या कुठल्याही गाडीत पाठ सीटला चिकटणारच. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे कंपनीने छापून दिलेलंच असतं आणि त्यात फारशी तफावत पडत नाही. मुंबईत राहणाऱ्याने शोधायचं ते वेगळं: ही गाडी ताशी दहा-वीस किलोमीटरला कशी वागते, खड्ड्यात कशी उतरते, आणि आपल्या सोसायटीच्या रॅम्पवर पोट घासते की नाही. म्हणून ही तयारी.

पहिलं काम फोनवरचं. डेमो गाडी आहे का, हे स्पष्ट विचारा, आणि असेल तर ती नेमकी आपल्याला हव्या त्या इंजिनाची आहे का तेही. पुष्कळदा 'आहे ना सर, या तुम्ही' म्हणून बोलावतात आणि तिथे गेल्यावर साध्या इंजिनाची गाडी पुढे करतात. १.५ लिटर टीएसआय (फोक्सवॅगन-स्कोडाचं टर्बो पेट्रोल इंजिन) हवी असेल तर १.० लिटरवर बसून काहीही कळत नाही. फोनवर मॉडेल, इंजिन, गिअरबॉक्स आणि शक्य असल्यास चाकांचा आकारही बोलून घ्या, आणि तेच पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. काही गाड्यांना डेमो मिळणं मुळातच कठीण असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसच्या भारतासाठी अवघ्या १०० गाड्या होत्या आणि किंमत जाहीर होण्याआधीच त्यांचं बुकिंग संपलं. त्याच वर्षी मे महिन्यात आलेली फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआयसुद्धा मोजक्याच संख्येने, थेट आयात होऊन आली. अशा वेळी 'डेमो नाही' हे उत्तर खरं असू शकतं, त्यावरून वाद घालू नका. कंपनी ट्रॅकवर काही कार्यक्रम ठेवणार आहे का, दुसऱ्या शहरातल्या डीलरकडे गाडी आहे का, एवढं विचारा आणि नाव नोंदवून ठेवा.

डेमो असूनही टाळाटाळ होते, तेव्हा त्यामागचं कारण समजून घ्यावं. महागडी गाडी अनोळखी माणसाच्या हातात द्यायची, टायर आणि ब्रेक झिजायचे, वर काही झालं तर जबाबदारी त्या सेल्सच्या मुलाची. नुसती हौस म्हणून येणारेही रोज असतात. आपण खरेदीदार आहोत हे दाखवायला भारी घड्याळ लागत नाही, माहिती लागते. कधीपर्यंत घ्यायची आहे, कर्ज काढणार की रोख, जुनी कुठली गाडी देणार, कुठल्या दोन गाड्यांमध्ये मन अडकलंय, हे सरळ सांगा. बँकेचं मंजुरीपत्र हातात असेल तर त्याचा उल्लेख करा. आणि यंदा घ्यायचीच नसेल तर तेही खरं सांगा. वीकेंडऐवजी मंगळवार-बुधवारी दुपारी येतो म्हणालात, तर 'साहेब, तेव्हा या, गाडी मोकळी असते' असं म्हणणारे मॅनेजर भेटतात. खोटं बोलून मिळवलेल्या ड्राइव्हपेक्षा अशी ड्राइव्ह निवांत होते, कारण शेजारी बसलेला माणूस धास्तावलेला नसतो.

जमल्यास घरी डेमो मागा. बरेच डीलर गाडी दारापर्यंत आणतात, आणि मुंबईत तर मी हाच पर्याय आधी मागेन. आपल्या घराखालचा रस्ता, आपल्या कॉम्प्लेक्समधले स्पीडब्रेकर, बेसमेंटचा रॅम्प, वळणावरचा तो खांब: गाडी रोज जगणार ती इथे. ती यायच्या आदल्या दिवशी मेजरिंग टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरा. लांबी, रुंदी, दोन्ही बाजूंना दार उघडायला किती जागा उरते, रॅम्प जिथे सपाट जमिनीला मिळतो तिथला कोन कसा आहे, हे सगळं लिहून ठेवा. स्टॅक पार्किंग, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवणारं यंत्र, असेल तर त्यावरच्या पाटीवर वजन, लांबी आणि उंचीची मर्यादा दिलेली असते, तिचा फोटो काढा. गोल्फची लांबी साधारण ४.३ मीटर, तर बीएमडब्ल्यू एम३४०आयची ४.७ मीटर. एवढ्या फरकाने काही इमारतींत प्रश्न तिथेच मिटतो. गाडी ज्यावर चढवायची त्या प्लेटच्या कडांना लागून रिम खरवडले जातात, म्हणून टायरच्या बाहेरच्या कडेपासूनचं अंतरही बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण गाडी घेतल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

कागदपत्रांचं थोडक्यात. पक्कं लायसन्स हवं, लर्निंग चालत नाही. डिजीलॉकरमधलं लायसन्स कायद्याने ग्राह्य आहे, पण शोरूमला झेरॉक्स लागते, तेव्हा कार्डच बरोबर ठेवा. सही करायला जो फॉर्म पुढे येतो तो वाचूनच सही करा. ओरखडा, फुटलेला टायर, वाकलेला रिम यांचा खर्च कोणी द्यायचा हे त्यात असतं. नुसतं 'सर्व नुकसानीस ग्राहक जबाबदार' असं असेल, तर विम्याव्यतिरिक्त किती रक्कम आपल्यावर येईल ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नंबरप्लेटवरही नजर टाका. डीलरच्या ताब्यातल्या, नोंदणी न झालेल्या गाडीला लाल पाटीवर पांढरी अक्षरं असतात, नोंदणी झालेल्या डेमोला नेहमीची पाटी असते. दोन्हींपैकी काहीच नसेल तर त्या गाडीत बसू नका. वेगाचं ई-चलान गाडीच्या मालकाच्या, म्हणजे डीलरच्या नावावर जातं आणि तो ते तुमच्याकडून वसूल करणार, हेही गृहीत धरा.

आता रस्ता, आणि इथे वेळ खर्च करण्यासारखा आहे. शोरूमचा ठरलेला रस्ता बहुधा दोन उजवी वळणं, एक यू-टर्न आणि परत, एवढाच असतो. आपला मार्ग आधी नकाशावर आखून पाठवा, त्याला किती मिनिटं लागतील तेही लिहा, मग तो सहसा मान्य होतो. मार्गात चार गोष्टी हव्यात: रांगत चालणारी वाहतूक, एक खराब पट्टा, एक चढ आणि थोडा मोकळा सरळ रस्ता. वरळी-प्रभादेवीच्या बाजूला शोरूम असेल तर कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन परत येताना पेडर रोडवरून या. १०.५८ किलोमीटरच्या कोस्टल रोडला टोल नाही, आणि पेडर रोडवर चढ आणि गर्दी दोन्ही आयती मिळतात. कोस्टल रोडवर सरळ पट्ट्यात ८० आणि बोगद्यात ६० ची मर्यादा आहे आणि कॅमेरे सगळीकडे आहेत. बोगद्यात काच थोडी खाली करून एक्झॉस्टचा आवाज ऐकायला मर्यादेतला वेगही पुरतो. अंधेरी-सांताक्रूझकडून निघणाऱ्यांना पश्चिम द्रुतगती मार्गावरचे फ्लायओव्हर आणि त्यांचे जॉइंट सस्पेन्शन तपासायला उत्तम, आणि बीकेसीचे रुंद रस्ते रविवारी सकाळी मोकळे असतात. वाशीच्या डीलरकडे जायचं असेल तर १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, तेव्हा आपली गाडी नेऊन दोन्ही लागोपाठ चालवून बघता येतात. अटल सेतूचा हट्ट मात्र धरू नका. तिथे मर्यादा १०० ची असली तरी एकदा चढलं की समुद्र ओलांडेपर्यंत वळायला जागा नाही, आणि सरळ रेषेत जाऊन गाडीबद्दल फार थोडं कळतं.

गाडीत बसल्यावर लगेच निघायचं नाही. सीट, स्टिअरिंग, आरसे लावून घ्या आणि दोन मिनिटं नुसते बसा. स्पोर्ट्स सीटच्या बाजूच्या उशा मांडीला आणि बरगड्यांना टोचतात का, डावा पाय टेकायला नीट जागा आहे का, पुढच्या जाड खांबाआड वळणावरचा माणूस झाकला जातो का, हे उभ्या गाडीत कळतं. पातळ तळव्याचे बूट घालून जा, चप्पल किंवा जाड स्पोर्ट्स शूज नकोत. ओडोमीटर बघा. डेमो अगदी नवी असेल तर इंजिनाला जोर देण्यावर कंपनीचीच बंधनं असतात. बीएमडब्ल्यू आपल्या एम३-एम४सारख्या एम गाड्यांना पहिल्या २,००० किलोमीटरपर्यंत इंजिन ५,५०० आरपीएमच्या वर नेऊ नका असं सांगते. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे आहे का विचारा. शोरूममध्ये उभ्या गाड्यांत ती बऱ्याचदा जास्त भरलेली असते, आणि मग गाडी आहे त्याहून कडक वाटते. पेट्रोल किती ऑक्टेनचं (हा पेट्रोलच्या प्रतीचा आकडा) हवं हे टाकीच्या झाकणाच्या आत दिलेलं असतं, टाकीत कोणतं भरलंय तेही विचारून घ्या.

पहिली दहा मिनिटं हळूच चालवा. टर्बो इंजिनातलं ऑइल गरम व्हायला कूलंटपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि थंड इंजिन ताणणं हा त्या यंत्रावर अन्याय आहे, मग गाडी कोणाचीही असो. शिवाय याच दहा मिनिटांत मुंबईची खरी परीक्षा होते. म्युझिक बंद करायला सांगा. शेजारच्याला नम्रपणे म्हणा, 'दादा, थोडा वेळ मी गप्प राहून चालवतो, प्रश्न नंतर विचारतो.' कम्फर्ट मोडवर ठेवा. ब्रेक सोडून गाडी आपोआप सरकते तेव्हा धक्के देते का, थांबत-थांबत पुढे जाताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अडखळते का, याकडे सगळं लक्ष असू द्या. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांत हा मुद्दा मोठा. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाच्या १.५ टीएसआयमधला सात गिअरचा डीएसजी (या कंपन्यांचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा आहे, तर गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएसमधला तेलात बुडालेल्या, म्हणजे ओल्या क्लचचा. सायनच्या रांगेत अर्धा तास अडकल्यावर क्लच तापतो, आणि तिथे तेल उष्णता वाहून नेतं. तुमचा रोजचा प्रवास घाटकोपर ते लोअर परळ असेल, तर हा फरक ब्रोशरमधल्या अश्वशक्तीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. चढावर थांबा, पुन्हा निघा. ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) लावून आणि न लावता, दोन्ही करून बघा.

मग खराब पट्टा. टायरवर २२५/४० असं असेल तर साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची २२५ मिलिमीटर रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. साध्या सेडानच्या २०५/५५ टायरला तीच ११३ च्या आसपास भरते. खड्ड्याची कड आणि अ‍ॅलॉय यांच्यामध्ये रबराची तेवढीच भिंत असते, आणि जुलैत पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. स्टेपनी आहे का, पूर्ण आकाराची की लहान, की नुसता पंक्चर किट, हे विचारा, आणि एका टायरची किंमतही. खड्ड्यांवरून नेहमीच्या वेगाने जा, सेल्सवाल्यांना दाखवायला जपून नको. मागच्या सीटवर घरचं माणूस बसवलं असेल तर त्यांना विचारायचं ते याच पट्ट्यानंतर. आई-बाबा बरोबर येणार असतील तर त्यांना मागेच बसवा, बेल्ट लावून. पुढच्या सीटवर सगळ्याच गाड्या आरामशीर वाटतात.

जोर लावायचा तो एकदाच, ऑइल गरम झाल्यावर, मोकळ्या सरळ पट्ट्यात, आरशात बघून, मर्यादेच्या आत. एम३४०आय शून्यावरून शंभरला ४.४ सेकंदांत जाते, म्हणजे ८० ची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी येते. लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीतून पूर्ण जोराने सुटण्याची सोय, मागूच नका. तीसवरून ऐंशीपर्यंत जाऊन बघा: पाय दाबल्यावर किती क्षणांनी गाडी उठते, गिअरबॉक्स किती खाली उतरतो, स्टिअरिंग हातात ओढलं जातं का. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाडीत ही ओढ जाणवते. त्याहून मोलाची परीक्षा ब्रेकची आहे. मागे कोणी नसताना सत्तरवरून वीसवर या, पेडल पहिल्या स्पर्शाला हवा तेवढाच ब्रेक देतं की एकदम पकडतं ते बघा.

ही ड्राइव्ह एकटी करू नका, त्याच दिवशी त्याच मार्गावर दुसरी गाडीही चालवा. साठ लाखांची बघणाऱ्यांनी विसेक लाखांच्या आसपासची व्हर्टस जीटी १.५ जरूर चालवावी. तिचे १५० पीएस (ताकद) आणि २५० एनएम (ओढण्याचा जोर) मुंबईच्या रस्त्यांना तोकडे पडतात का, ते स्वतःच्या पायाने कळू द्या. कित्येकांना पडत नाहीत. ज्यांना तरीही मोठीच हवीशी वाटते, त्यांची ओढ खरी आहे, त्यांनी तीच घ्यावी.

परत आल्यावर कॉफी येते, आणि कॉफीबरोबर बुकिंगचा फॉर्म. त्या दिवशी सही नको. आधी बाहेर येऊन फोनवर आवाज रेकॉर्ड करा: काय खटकलं, काय आवडलं, मागच्या सीटवरचे काय म्हणाले. मग ऑन-रोड किमतीचं लेखी कोटेशन मागा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, देशात तयार झालेल्या वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के कर आहे, म्हणजे पन्नास लाखांवर साडेसहा लाख. थेट आयात झालेल्या आणि कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला त्याहून जास्त लागतो, तेव्हा कराची ओळ वेगळी दाखवायला सांगा. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे पावतीवर लिहून घ्या, आणि आपल्याला मिळणारी गाडी कोणत्या महिन्यात बनलेली असेल तेही.