कॉम्प्युटर एक, आवाज चार : बडोद्यात साउंडच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

दांडिया बाजारातला गणपतीचा मांडव असो की हौशी मराठी नाटकाचा प्रयोग, कॉम्प्युटरवर बसलेल्याकडून मागणी साधारण सारखीच असते. निवेदनामागे तानपुरा मंद वाजत राहावा, खूण होताच आरतीचा किंवा कराओकेचा ट्रॅक सुटावा, मधे ब्राउझरमधली क्लिप लागावी आणि परगावचा पाहुणा झूमवरून बोलावा. चार प्रोग्रॅम, आवाज बाहेर देणारं साउंड कार्ड एक.

आजच्या साध्या कार्डाला बहुधा एकच मिसळलेला आवाज लागतो. मिसळण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टम करते, कार्ड नाही. एवढं डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी जागीच सुटतात. एक प्रोग्रॅम वाजतोय आणि दुसरा गप्प आहे, म्हणजे कोणीतरी मिसळणाऱ्याला बाजूला सारून कार्ड थेट धरून बसलंय. अशा वेळी वायरी हलवत बसू नका. लिनक्सवर पूर्वी हे रोजचं होतं. 2007-08 च्या सुमारास पल्सऑडिओ हा आवाज मिसळणारा प्रोग्रॅम लिनक्सच्या मुख्य आवृत्त्यांमध्ये आला आणि त्रास कमी झाला. आता त्याच्या जागी पाइपवायर असतं : फेडोरा या लिनक्समध्ये 2021 पासून, उबंटूमध्ये 2022 च्या 22.10 या आवृत्तीपासून.

बडोद्यातल्या टेबलांवर मात्र बहुतेक विंडोजच भेटेल. तिथे कार्ड बळकावणारे दोन : ‘एक्सक्लुझिव्ह’ मोडमध्ये लावलेला म्युझिक प्लेअर आणि एएसआयओफॉरऑल (कार्डाशी थेट बोलणारा ड्रायव्हर) वापरणारं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर. दुसऱ्याला कार्यक्रमाच्या दिवशी बंदच ठेवा. पहिल्यासाठी कंट्रोल पॅनेलमधलं ‘साउंड’ उघडा, ‘प्लेबॅक’मध्ये आपलं उपकरण निवडा, ‘प्रॉपर्टीज’ आणि तिथून ‘ॲडव्हान्स्ड’. एक्सक्लुझिव्ह कंट्रोलची खूण काढा. तिथेच फॉरमॅट 24 बिट, 48,000 हर्ट्झ करा. सीडीवरून घेतलेले ट्रॅक 44,100 चे असतात, पण विंडोज ते बदलून घेतं, सुराला धक्का लागत नाही. नंतर सगळे प्लेअर बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर जुनीच पकड चालू राहते.

‘साउंड’च्या मूळ खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा टॅब आहे. नवशिक्याची फजिती होते ती इथे. पाहुण्याचा कॉल जोडला जातो आणि तानपुरा एकदम तळाला जातो. गवई मागे वळून बघतो, मंडळाचे काका ‘व्हॉल्यूम दे रे’ म्हणून ओरडतात, तुम्ही मिक्सरचा फेडर (आवाजाची सरकती खुंटी) चढवता आणि कॉल संपताच तानपुरा अंगावर येतो. कॉल चालू असताना विंडोज बाकीचे आवाज 80 टक्के कमी करतं, मुळातलं सेटिंगच तसं आहे. ‘डू नथिंग’ निवडा.

आता पातळी. दोन ट्रॅक दोन्ही पूर्ण आवाजावर असले तर शिखरं एकमेकांवर चढून बेरीज 6 डेसिबलपर्यंत जास्त होते. जागा तेवढी नसते, म्हणून आवाज दबतो किंवा फाटतो. शेवटचा मास्टर कमी करून काही साधत नाही, फाटलेला आवाज नुसता बारीक होतो. कमी करायचं ते प्रत्येक प्लेअरमध्ये. मुख्य ट्रॅक उणे 6 डेसिबल, तानपुरा उणे 20 च्या आसपास, मग कानाने ठरवा. गायकाला ‘अजून थोडा’ हवाच असतो, तो मिक्सरवर द्या.

व्हॉट्सॲपची टिंग हॉलभर ऐकू जाणं हा अक्षम्य गुन्हा. विंडोज 10 च्या 2018 मधल्या अपडेटपासून सेटिंग्जमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळ्या उपकरणाकडे वळवता येतो. ट्रॅकचा प्लेअर यूएसबी इंटरफेसकडे, म्हणजे मिक्सरला जोडलेल्या बाहेरच्या साउंड कार्डाकडे. ब्राउझर आणि बाकी सगळं कॉम्प्युटरच्या हेडफोन जॅककडे. क्लिप आधी स्वतःच्या कानात लावून बघता येते, हा वरचा फायदा. क्लिप सभागृहात द्यायची वेळ आली की ब्राउझरही इंटरफेसकडे वळवा. काही प्रोग्रॅम बंद करून उघडल्याशिवाय बदल मानत नाहीत, म्हणून ही अदलाबदल आधी एकदा करून बघा. सिस्टिमचे आवाज ‘नो साउंड्स’वर टाका.

ब्लूटूथ नकोच. उशीर तर होतोच, शिवाय त्याचा माइक चालू झाला की हेडसेट टेलिफोनी मोडमध्ये, म्हणजे फोनवरच्या बोलण्यापुरत्या आवाजावर जातो आणि संगीत पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं लागतं.

एक दोष मात्र कॉम्प्युटरचा वाटतो आणि निघतो वायरीचा. मूळ गाणं लावलं, वाद्यं ऐकू येतात, गायकाचा आवाज जवळजवळ गायब, मागे नुसती गुंजन. 3.5 मिलिमीटरची स्टिरिओ पिन सरळ स्टिरिओ जॅकने मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड चॅनेलमध्ये घातली की असं होतं. ते चॅनेल डाव्यातून उजवा वजा करतं आणि दोन्हींत सारखा असलेला गळा कापला जातो. एका टोकाला 3.5 ची पिन, दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक अशी केबल घ्या. ती दोन चॅनेलमध्ये लावून एक डावीकडे, एक उजवीकडे वळवा. घरघर येत असेल तर मधे डीआय बॉक्स हवा, म्हणजे कॉम्प्युटर आणि मिक्सर यांच्यामधे बसणारी, सिग्नल जुळवून देणारी डबी.

शिकायला गणपतीचे दहा दिवस उत्तम, कारण रोज दोन आरत्या म्हणजे वीस वेळा तीच जोडणी. तपासताना चारही प्रोग्रॅम एकेकटे लावू नका. एकदम चालू करा, कॉलसकट, पाच मिनिटं. मग विंडोज अपडेट आठवडाभर थांबवा आणि माउस कोणाच्या हातात देऊ नका.